पडद्याचं एक टोक

बेटावरचं विश्रामगृह,
१३ नोव्हेंबर

अक्का,

नमस्कार. मी खुशाल आहे, खोकला गेला, आणि तू दिलेल्या आल्याच्या वड्या संपल्या. निम्म्या माझ्याबरोबर कामाला असलेल्या फरहानानं खाल्ल्या. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव, आणि 'बरे आहेत' एवढंच लिहू नकोस.

फोनवर मी विषय बदलते, म्हणून येण्याचं उत्तर लिहूनच हवं, आणि तोवर तू माझा फोन उचलणार नाहीस, असं तुझं फर्मान मिळालं. चाळिशीला टेकलेल्या बहिणीला अकरावीतल्या पोरीसारखी शिक्षा. पण आत जाताना फोन इथं दारावरच काढून घेतात, तेव्हा तुझंही बरं आणि माझंही बरं. लिहिते.

आधी इथली बातमी. आमचा उपग्रह तयार होऊन बसलाय. परवा त्याच्यावर कवचाची दोन अर्धुकं मिटवली. हे कवच म्हणजे रॉकेटचं टोक; वर गेल्यावर ते उघडून गळून पडतं आणि उपग्रह मोकळा होतो. तोवर तो आत अंधारात. मिटवण्याआधी शेवटचं आत डोकावून बघायचा मान माझा, कारण स्वच्छता माझ्याकडे. आत धूळ, केस, मुंगी, काहीही राहिलं तर ते माझ्या नावावर. त्याच्या कॅमेऱ्याची काच एवढी स्वच्छ आहे की तिच्याकडे बघताना मी श्वाससुद्धा बाजूला सोडते.

आता तो जोडणीच्या दालनातून उड्डाणाच्या तळावर न्यायचा, रॉकेटवर चढवायचा आणि उडवायचा. पण उपसागरात अंदमानाकडे कमी दाबाचा पट्टा तयार झालाय. तो इकडे येणार, ओडिशाकडे वळणार, की जागीच विरणार, ते कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. हवामानवाले रोज फुगा सोडतात आणि रोज संध्याकाळी 'उद्या बघू' म्हणतात. जेवणघरातल्या पोलम्मानं उद्या तळावर जायचं म्हणून पुलिहोऱ्याच्या भातासाठी दोनदा चिंच भिजवली. आज मला म्हणाली, "तुमचं रॉकेट जायचं तेव्हा जाईल, माझी चिंच किती वेळा भिजवू ते सांगा."

वाट बघताना आमचं काम एकच. कवचात दमट हवा शिरू नये म्हणून एका गाडीतून थंड, कोरडी हवा सतत आत सोडायची. गाडी आमच्याच कंपनीची, हैदराबादहून आणलेली. तिची नळी हातभर जाड आणि आवाज गिरणीसारखा. आम्ही आळीपाळीनं तिच्याजवळ बसतो.

आता तुझ्या होणाऱ्या नवऱ्याविषयी, भीमेश्वररावांविषयी. तू चार ओळी लिहिल्यास आणि त्यातली एक त्यांच्या ट्रकविषयी. माणसाबद्दल असं लिहितात का? कडियमला रोपवाटिका आहे हे कळलं. कलमं ते स्वतः बांधतात की माणसं ठेवलीत? जेवताना बोलतात का? भात आधी पप्पूच्या वरणाबरोबर खातात की थेट साराकडे वळतात? वारलेल्या बायकोचा फोटो कुठं लावलाय, आणि तू त्याकडे बघतेस का? मुलगी तुला काय म्हणते? घोरतात का, हे तुला अजून माहीत नसेल असं गृहीत धरते. मोगऱ्याचं रोप मेलं म्हणून तू भांडायला गेलीस, तेव्हा ते नेमकं काय म्हणाले? मला ते वाक्य जसंच्या तसं हवंय.

अन्नवरमच्या डोंगरावर तीस तारखेला सकाळचा मुहूर्त. तुम्हा दोघांमधला पडदा धरायला त्यांच्याकडून त्यांची मुलगी, आपल्याकडून मी. आपल्याकडून म्हणजे तरी कोण, आपण दोघीच. त्यातली एक पडद्याच्या आत असणार.

येण्याबद्दल म्हणशील तर वादळाचं काय होतं ते बघून कळवते.

तुझी,
वकुळा


बेटावरून,
१८ नोव्हेंबर

अक्का,

तुझं कार्ड पोचलं. 'वादळाचं नाही विचारलं, तुझं विचारलं.' बास, एवढंच. पोस्टकार्डाची बाकी जागा कोरी ठेवून तू मला जे सुनावलंस ते मला पूर्ण वाचता आलं.

रागावू नकोस. पट्ट्याचं वादळ झालंय. तळावर जायचं पुन्हा रद्द. वादळ इथं धडकणार नाही, वर कुठंतरी मच्छलीपट्टणकडे चढेल म्हणतात, पण वारा आणि विजा आमच्या वाट्याला आहेतच. वीज आसपास दिसली तरी रॉकेट उभं करायचं नाही असा नियम आहे. नवी तारीख पडली ती नेमकी तीस. मी काही करून ती मागितली नव्हती, अक्का. सव्वीसला तळावर न्यायचं, तीसला उड्डाण. आमच्या कंपनीचा हा पहिलाच उपग्रह, त्या दिवशी प्रत्येकाला जागेवर असावं लागतं. आता मी तरी काय करू?

ते राहू दे. एक फार गमतीची गोष्ट झालीय आणि ती तुलाच विचारायला हवी, कारण तू प्राणिशास्त्र शिकवतेस.

काल दुपारी वाऱ्यानं वीज गेली. जनित्र सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ आमची गाडी बंद पडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दालन शांत झालं. मी कवचाला अगदी लागून उभी होते. आणि आतून पाल बोलली. चुक चुक चुक. तीनदा. मग वीज आली आणि गाडीनं सगळं गिळलं.

फरहाना दोन हातांवर होती, तिला ऐकू आलं नाही. आमचे प्रमुख जोगाराव दाराशी होते, त्यांनाही नाही. मी सांगितलं तर जोगाराव टोपीतूनच हसले. आम्ही आत डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतो, नुसते डोळे दिसतात, पण त्यांचं हसणं पोटावरून कळतं. म्हणाले, "वकुळम्मा, मिटवायच्या आधी तूच आत बघितलंस ना? मग ती आली कुठून, तिकीट काढून?"

बरोबर आहे त्यांचं. मी बघितलं होतं. आत पाल नव्हती. पण मी ऐकलं.

तेव्हा सांग मला. साधी घरातली पाल काळोखात बोलते का? नर बोलतो की मादी? का बोलते, भुकेनं, भीतीनं, की उगाच? अन्नपाण्याशिवाय किती तग धरते? आत चांगलाच गारठा असतो, थंडीत ती काय करते? आणि ती काचेवर चालली तर मागे काय सोडते? फरहाना म्हणते मला दुसरं काही सुचत नाही. पण पायांनी छत धरून ठेवणारा प्राणी आकाशात गेला तर वजन नसताना पाय कशाला चिकटवेल, हा प्रश्न तुला पडत नाही? मला काल रात्रभर पडला.

तू भीमेश्वररावांचं ते वाक्य कळवलं नाहीस. आणि ते चहा घेतात की कॉफी, तेही नाही. त्यांना कुणी भाऊ आहे का? आणि तू त्यांना काय हाक मारतेस? एकेरीत तर नाही ना?

तुझी,
वकुळा

ता. क. सरोवरात रोहित पक्षी आलेत. वादळात सगळे एका पायावर, वाऱ्याकडे तोंड करून. तुझी आठवण झाली.


बेटावरून,
२४ नोव्हेंबर

अक्का,

तुझं पाकीट काल मिळालं. रागात असूनही पालीविषयी तू दीड पान लिहिलंस. तुझ्या विद्यार्थ्यांची मला दया येते आणि हेवाही वाटतो.

फरहानाला मी ते वाचून दाखवलं. 'नर जास्त बोलतात, मादीही बोलते. उपाशी आठवडे काढू शकते. काचेवर विष्ठा आणि पायांच्या खुणा सोडेल. पण गारठ्यात तिचं अंग चालत नाही, निपचित पडते आणि ऊब शोधते. तू म्हणतेस तेवढ्या थंडीत आत असलेली पाल बोलणार नाही. तेव्हा तुला भास झाला असावा.' आणि मग वेगळ्या शाईनं: 'तू येणार आहेस की नाही?'

फरहाना म्हणाली, "झालं? तुझ्या अक्कानंच निकाल दिला. आता गप्प बस."

वादळ वर गेलं. आज आकाश धुतल्यासारखं आहे. पोलम्मानं चिंच भिजवली, आणि यावेळी देवाला सांगून भिजवली म्हणे.

उद्या सकाळी बैठक. तिथली पद्धत अशी. जोगाराव एकेका विभागाचं नाव घेतात. इंधन. वीज. कॅमेरा. स्वच्छता. ज्याचं नाव घेतलं त्यानं एकच शब्द बोलायचा, 'तयार' किंवा 'थांबा'. मधला शब्द नाही. 'बहुतेक तयार' म्हटलेलं चालत नाही. आणि एकाचा जरी 'थांबा' आला तरी सगळं थांबतं. कारण तेव्हा विचारत नाहीत, नंतर विचारतात. माणसाला बोलायची भीती वाटू नये म्हणून ही पद्धत, असं पहिल्या दिवशी शिकवतात. भीती वाटतेच.

मी 'थांबा' म्हटलं तर कवच उघडावं लागेल. मग ही तारीख गेली. तळावर दुसऱ्या कुणाचं रॉकेट उभं राहील आणि आमची पाळी संक्रांतीनंतर. एका चुकचुकण्यासाठी. तेही मी एकटीनं ऐकलेल्या. उघडून काही निघालं नाही तर हात दाखवून अवलक्षण. हैदराबादला परत गेल्यावर माझ्या टेबलावर रोज कुणीतरी रबराची पाल ठेवेल.

दुपारी जोगारावांकडे पुन्हा गेले. ते रागावत नाहीत, तेच वाईट. मला कॉफी दिली आणि म्हणाले, "तुला खात्री आहे का?"

"ऐकल्याची आहे. आत असल्याची नाही."

"मग उद्या काय म्हणशील?"

"माहीत नाही."

"बहिणीचं लग्न कधी आहे तुझ्या?"

हे त्यांना फरहानानं सांगितलं होतं. मी म्हटलं, तीसला. ते कपातली कॉफी नुसती फिरवत राहिले. मला तेव्हा कळलं, ते काय जोडतायत ते. उड्डाण टळलं तर वकुळा लग्नाला मोकळी. खोलीवर आल्यावर फरहानाला विचारलं, तर ती आडून बोलणारी नाहीच. म्हणाली, "हो, सगळे तेच म्हणणार. बहिणीच्या लग्नासाठी पाल ऐकली."

मला हसू आलं, अक्का, आणि मग रडू आलं. कारण खरं अगदी उलटं आहे. आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. तीस तारीख पडली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मनात म्हटलं, देवा, वादळ चांगलं पाठवलंस. आता मला कुणी नाव ठेवणार नाही, आणि अक्काला 'नाही' असंही म्हणावं लागणार नाही. उद्या 'थांबा' म्हटलं तर ती सबब जाते. मला तुझ्या लग्नाला जायचं नाहीये आणि म्हणून मी 'तयार' म्हणावं, असं माझ्याच मनात आत कुठंतरी कुणीतरी बोलतंय. ते मला त्या पालीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं.

भीमेश्वररावांविरुद्ध माझं काही नाही. त्यांच्याबद्दल मी इतकं विचारलं, त्यातला एकही प्रश्न खोटा नव्हता. फरहाना मगाशी म्हणाली, "तू त्या माणसाच्या भाताची, चहाची, घोरण्याची चौकशी केलीस. तुला जे खरं विचारायचंय ते कधी विचारणार?" मी म्हटलं, काय विचारायचंय मला? ती म्हणाली, "मला काय माहीत. पण एवढं विचारणारं माणूस काहीतरी वगळत असतं."

दिवा मालवते. सकाळी काय म्हणेन, अजून ठरत नाही.

वकुळा


गुडूरला बदललेल्या गाडीत,
२९ नोव्हेंबर

अक्का,

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुला लिहूनच हवं होतं ना, तेव्हा लिहून हातात आणून देते. अक्षर हलतंय ते गाडीमुळे. शेजारच्या बाई मांडीवर पितळी कळशी घेऊन बसल्यात आणि दर वळणाला ती माझ्या कोपरात घुसवतात.

सगळं क्रमानं सांगते.

पंचवीसला सकाळी बैठक झाली. इंधन, तयार. वीज, तयार. कॅमेरा, तयार. जोगाराव म्हणाले, "स्वच्छता." मी उभी राहिले. मी म्हटलं, "थांबा."

जोगारावांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "ठीक. उघडू या." बाहेर पडताना विजेचा वेंकन्ना मागून कुणालातरी म्हणाला, "अन्नवरमचं तिकीट काढलंय वाटतं बाईंनी." मी वळले नाही. वळले असते तर भांडण झालं असतं, आणि त्याला खरं काय ते सांगून मी आणखी हास्यास्पद ठरले असते.

आम्ही दोघी आरशावर टिकल्या चिकटवून आत गेलो. टिकली, फूल, बांगडी, काजळ, काही आत नेता येत नाही, म्हणून कपडे बदलायच्या खोलीतला आरसा नेहमी टिकल्यांनी भरलेला असतो. फरहाना टिकली लावत नाही, पण मला सोबत म्हणून तिनं माझीच एक घेऊन चिकटवली. मला तेवढ्यानं फार बळ आलं.

कवच उघडलं. काही नाही. दिवे लावून, भिंगं लावून, सगळ्या फटी, सगळे कोपरे बघितले. विष्ठा नाही, खूण नाही, काच जशी मी ठेवली होती तशीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं. काही नाही. जोगाराव अजूनही रागावले नाहीत. फक्त मला वकुळम्मा म्हणायचे ते 'मॅडम' म्हणायला लागले.

त्याच संध्याकाळी तुझं आणखी एक कार्ड आलं. 'आता उत्तर नको. पडदा धरायला ग्रंथालयातल्या सत्यवतीला सांगितलंय. ती आनंदानं तयार झाली. तू तुझं काम कर.' सत्यवतीला. जिच्याशी तू दोन वर्षांपूर्वी कपाटाच्या किल्लीवरून बोलत नव्हतीस, तिला. मी कार्ड हातात धरून पायरीवर बसून राहिले. पोलम्मा आली, शेजारी बसली, आणि तिनं पुलिहोऱ्याचा वाडगा माझ्या हातात दिला. "रॉकेट गेलं नाही, पण चिंच फुकट घालवायची का?" म्हणाली. मी खाल्लं. अक्का, मी इतकी एकटी पूर्वी कधी पडले नव्हते. आणि तशी मी माझ्याच हातानं पडले होते.

मग खाता खाता तुझं दीड पान पुन्हा काढून वाचलं. 'थंडीत आत असलेली पाल बोलणार नाही.' तू ते मला गप्प बसवायला लिहिलं होतंस. पण मी ऐकलं होतं, हे मला पक्कं ठाऊक. मग ती बोलली, म्हणजे ती थंडीत नव्हती. म्हणजे ती आत नव्हतीच. कुठंतरी उबेत होती, आणि तिचा आवाज आत येत होता. आवाज आत जायला वाट एकच, ती नळी.

मी वाडगा तिथंच ठेवून पळाले. पोलम्मा मागून ओरडत होती.

गाडीची मोटर तापते. नळीचा सांधा मोटरीला लागूनच आहे, तिथं बाहेरून चांगली ऊब लागते. नळीला कापडाचे दोन पदर असतात. सांध्याजवळ आतला पदर उसवला होता, आणि त्या दोन पदरांच्या मधल्या जागेत, मोटरीच्या बाजूला, ती बसली होती. आणखी थोडं उसवलं असतं तर हवेबरोबर सरळ काचेवर गेली असती. चांगली लठ्ठ, डोळे मिटता न येणारी, माझ्याकडे बघत. मी तिला म्हटलं, बाई गं, तू आहेस तर.

फरहानानं तिला झडप घालून धरलं, आणि तिच्या हातात नुसती शेपूट राहिली. ती पांढऱ्या फरशीवर वळवळायला लागली. रॉकेट उडवणारी माणसं, अक्का, सगळी भिंतीला चिकटली. वेंकन्ना खुर्चीवर चढला. मी त्याची खुर्ची धरून उभी राहिले, म्हणजे पडायला नको. पाल बिनशेपटीची दाराबाहेर गेली. शेपूट पुन्हा फुटते असं तूच लिहिलंयस, तेव्हा तिची काळजी मी करत नाही.

जोगारावांनी नळी हातात घेऊन उसवलेला पदर बघितला. मग म्हणाले, "गाडीला जोडायच्या आदल्या रात्री ही मीच खुंटीला टांगली होती. तोंडाला झाकण लावायचं विसरलो." सगळ्यांच्या देखत म्हणाले. तेही एका अर्थी 'थांबा' म्हणण्यासारखंच होतं. आणि मग, "वकुळम्मा, आता नवी नळी, सगळी पुन्हा सफाई, सगळी पुन्हा तपासणी. हे काम तुझंच. आठवडाभर तू इथून हलायचं नाहीस."

घे. मला पुन्हा सबब मिळाली. यावेळी अगदी खरीखुरी, प्रमुखांच्या तोंडची, मानाची. ती मी हातात धरून बघितली. तुझ्या कार्डाचं उत्तरही मनात तयार झालं: अक्का, काय करू, मला सोडत नाहीत.

मी म्हटलं, "सफाई फरहाना करेल. तिला सगळं येतं. मला तीन दिवस हवेत."

जोगाराव म्हणाले, "म्हणजे लग्नाचं खरं होतं तर."

मी म्हटलं, "तेव्हा नव्हतं. आता आहे."

त्यांना ते कळलं नसणार, पण त्यांनी जाऊ दिलं. फरहानानं मला सुळ्ळूरपेटला स्टेशनवर सोडलं आणि वाटेत दोन हात मोगरा घेऊन माझ्या केसांत माळला. महिनाभर फुलाला शिवले नव्हते. आता गाडीभर वास सुटलाय आणि कळशीवाल्या बाई दोनदा शिंकल्यात.

तुझा फोन मी काल आणि आज लावला. तू उचलला नाहीस. तू शब्दाची पक्की आहेस. तेव्हा मी येतेय हे तुला ठाऊक नाही. हे वाचशील तेव्हा मी मंडपात तुझ्यासमोर उभी असेन, केस विस्कटलेली, आणि तू आधी माझ्या साडीच्या निऱ्यांकडे बघशील.

आता ते वगळलेलं. फरहानाच्या बोलण्यानंतर मी शोधत होते आणि ते मला पायरीवर बसल्या बसल्या सापडलं. मी तुला त्या माणसाबद्दल सगळं विचारलं, पण लग्नानंतर तू कुठं राहणार, हे एकदाही विचारलं नाही. ते कडियमला राहतात. त्यांची रोपं तिथं, ट्रक तिथं. राजमहेंद्रीच्या आपल्या खोल्या भाड्याच्या. तू गेलीस की त्या दुसऱ्या कुणाच्या. घड्याळामागची ती पाल, जिला तू इतकी वर्षं कुणाला हाकलू दिलं नाहीस, तीसुद्धा दुसऱ्या कुणाची. मग दसऱ्याला, उगादीला बॅग घेऊन मी कुठं जायचं? अम्मा गेल्यापासून मला घर म्हणजे तूच. तू सुखी होतेयस आणि मी माझी बॅग कुठं ठेवायची याचा विचार करतेय. हे लिहिताना लाज वाटते. लिहिलं नसतं तर जास्त वाटली असती.

तू मात्र मला उत्तर लिहून देऊ नकोस. तोंडी दे, आणि आत्ता देऊ नकोस. कडियम म्हणालीस तरी मी आलेय, राजमहेंद्री म्हणालीस तरी आलेय. उत्तरावर माझं येणं टांगलेलं नाही. आधी मुहूर्ताचं जिरं-गूळ त्यांच्या डोक्यावर ठेव, त्यांना तुझ्या डोक्यावर ठेवू दे, पडदा खाली येऊ दे, मग सांग.

तोवर सत्यवतीला सांग, टोक सोड. ते माझं आहे.

तयार,
वकुळा